म्हाताऱ्याची राखण

भातलावणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच वाडी जनीच्या अंगणात जमली. तिचा सासरा महिपत पडवीच्या खांबाला बांधलेला होता. कमरेला जुन्या लुगड्याचं धडपं, गाठ सैल, पुढ्यात पेज.

"गुराला पन असा कोन बांदीत न्हाय गो," वाडीचा मानकरी गावकर भागोजी म्हणाला. "नि तू मानसाला बांदतंस?"

"गुराला घर गावतं, दादा. मामंजींना न्हाय गावत. सुटले का पऱ्याच्या पान्याकडं धावतात. म्हनतात, माजा बैल पल्याड ऱ्हायलाय. बैल मरून धा वर्सं झाली."

"मग घरात बस."

"बसते. माजी लावणी तुमी करा."

मागे कोणी तरी हसलं. भागोजीची बायको हौसा म्हणाली, "मुंबैला घोवाला कागद धाड की."

"धाडला. गनपतीला येतो म्हनाले. रोपाला तवर थांब म्हनून तुमीच सांगा, वैनी."

आता कोणी हसलं नाही. जनी अंगणात उतरली. "वाडीची गुरं आपन पाळीनं राखतो ना? यांचीबी पाळी लावा. सात घरं, सात दिस. लावणी सरली का माजे मी बगीन."

पावसाची सर आली तरी कोणी हललं नाही. सगळ्यांदेखत भागोजीला माघार घेता येईना.

"पयली पाळी माजी," तो म्हणाला.

जनीनं गाठ सोडली.

त्या दिवशी तिनं दोन खाचरं लावली. वर्षभरात पहिल्यांदाच ती मागे वळून न बघता काम करत होती.

संध्याकाळी चौघांनी महिपतला घोंगडीत घालून आणलं. पऱ्याच्या कातळावर पाय घसरून खुबा मोडला होता. हाडवैद्यानं हात लावून बघितलं आणि मान हलवली. "या वयात हाड सांदायचं न्हाय. आता उठायचे न्हायत."

भागोजी अंगणातच उभा राहिला. "जने, हौसा चुलीफुडंच होती गो. भाकरी परतंस्तवर..."

"ठावं हाय," जनी म्हणाली. "भाकरी परतंस्तवरच जातात."

दुसऱ्या घराची पाळी कोणी विचारली नाही.

सकाळी तिनं सासऱ्याचं अंग पुसलं, चादर बदलली, चमच्यानं पेज भरवली. तो कण्हत पडून होता. तिनं उशाशी पाणी ठेवलं, इरलं डोक्यावर घेतलं आणि दार सताड उघडं टाकून ती लावणीला गेली.