हॉलिसची शेवटची गाडी

"काच वर केलीस का गं?" लेमारने व्हॅनमधूनच विचारलं, तसा व्हर्ना टॅकेटचा हात कपाळाला गेला.

डबी तर तिने काढून खिशात टाकली होती. डबी काढली की गाडी मेली. मग ना इंजिन चालू होत, ना काच वर जात. आणि पश्चिमेकडून आभाळ भरून आलेलं.

"रोज कुणाला तरी हा झटका येतो," लेमार म्हणाला. "आज तुझा नंबर. जा, मी थांबतो."

व्हर्ना परत गेली. डॅशबोर्डखाली हात घालून डबी बसवली, काच वर केली, डबी पुन्हा काढली. तळहाताएवढी काळी डबी, तिच्या पोटात नखाएवढी चिप, आणि ती चिप काही केल्या मिळेना. कारखाना बंद ठेवावा तर हजारो माणसं घरी बसणार, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने बुडणार, आणि एकदा विस्कटलेली घडी पुन्हा बसायला महिने जाणार. म्हणून पिकअप ट्रक बनतच होते, फक्त डबीविना. मोजक्या डब्या फिरत्या ठेवल्या होत्या. त्यातली एक बसवायची, गाडी गावाबाहेरच्या शर्यतीच्या बंद मैदानावर आणून लावायची, डबी काढून घ्यायची आणि पुढची गाडी आणायला व्हॅनने परत जायचं. भाजी चिरून, फोडणीचं सगळं काढून ठेवलंय आणि घरात काडेपेटीच नाही, अशी सगळी गत.

व्हॅनमध्ये चढण्याआधी व्हर्नाने सवयीने प्रेक्षकांच्या जुन्या गॅलरीकडे पाहिलं. छपराखाली, अगदी भिंतीलगत, एक लाल ट्रक उभा होता. तिच्या नवऱ्याची, हॉलिसची गाडी. म्हणजे विकत घेतलेली नव्हे, बनवलेली.

हॉलिसने उभा जन्म त्या कारखान्यात डॅशबोर्डखालच्या वायरी जोडण्यात घालवला होता. तिथली रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याच्या शेवटच्या गाडीत मागच्या सीटखाली सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मधली जागा मोकळी ठेवायची. मग त्याने स्वतः ती गाडी फाटकाबाहेर काढायची, हॉर्न दाबायचा, बाकीच्यांनी हातातले नट आवळायचे पाने लोखंडावर वाजवायचे, आणि त्यानंतर त्याने मोकळ्या जागी आपलं नाव लिहायचं. गाडी घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. हॉलिसच्या दिवशी मात्र फिरत्या डब्या सगळ्या बाहेर गेलेल्या. चार पोरांनी गाडी ढकलून बाजूला केली. सह्या झाल्या, त्यात व्हर्नाचीही एक, केक कापला, आणि हॉलिस सही न करताच घरी आला.

दुसऱ्या दिवशी ती गाडी मैदानावर आणायचं काम नेमकं व्हर्नाकडे आलं. गारांचे दिवस होते. नवऱ्याच्या गाडीला पोचा पडू नये म्हणून तिने मायेने छपराखालची, भिंतीला चिकटून असलेली जागा निवडली. आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पुढे गाडीला गाडी लागत गेली, उन्हाळा सरला, आणि लाल ट्रक पार आत गाडला गेला. त्याच उन्हाळ्यात हॉलिसचे डोळे गेले. पूर्ण नव्हे, बोगद्यातून पाहावं तेवढं समोरचं अजून दिसत होतं. पण उरलंय तेही बर्फ पडेपर्यंत टिकलं तर नशीब, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"काय म्हणतेय माझी लालपरी?" संध्याकाळी बीन्समध्ये मक्याचा ब्रेड कुस्करत हॉलिसने विचारलं.

"आहे तिथेच आहे."

"असणारच. तूच तिला भिंतीला चिकटवलीस. एवढं जपून तर तू मलाही कधी ठेवलं नाहीस."

व्हर्ना हसली नाही. तो थट्टा करायचा ते तिला लागू नये म्हणून, आणि ते कळल्यामुळेच तिला जास्त लागायचं.

अखेर पानं पिवळी पडता पडता चिपा आल्या. मैदानाचा मुकादम रूडी सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "पुढची रांग आधी. डबी बसवा, तपासा, ट्रेलरवर चढवा. भिंतीपर्यंत पोचायला नाताळ उजाडेल."

व्हर्ना त्याच्यामागे मैदानभर गेली. "रूडी, मला ती लाल गाडी आधी काढायचीय."

"व्हर्नाताई, तिच्या पुढ्यात किती गाड्या आहेत बघताय ना? त्यांच्या डब्या यायला अजून आठवडे लागतील."

"फिरती डबी आहे की. एकेक हलवत जाईन. जेवणाच्या सुट्टीत."

"एकट्या?"

"एकटी कशाला?" मागून लेमार म्हणाला. "तिच्या नवऱ्याने मला वायर धरायला शिकवलंय. माझं वजन तसंही वाढलंय, एक जेवण बुडालं तर बायको खूशच होईल."

दोघं सुरू झाले. डबी बसव, गाडी हलव, डबी काढ, पुढची. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण सँडविच हातात घेऊनच आले. कुणी भाषण केलं नाही. एकाने काच उघडी ठेवून डबी काढली तेव्हा मात्र सगळ्यांनी त्याची यथेच्छ खेचली. आठवडा संपता संपता लाल ट्रकपुढे वाट मोकळी झाली.

हॉलिस आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. व्हर्नाने गाडीची स्वतःची, रूडीने आधीच काढून दिलेली कोरी डबी त्याच्या हातात ठेवली. तो दार उघडून वाकला, डोळे मिटले आणि हात आत घातला. टक् आवाज झाला.

"कुणी जोडल्यात या वायरी?" तो म्हणाला. "काम बरं केलंय."

रूडी डोकं खाजवत उभा होता. "हॉलिसदादा, खरं म्हणजे मी हे होऊ देता कामा नये."

"रस्त्यावर नाही नेत रे. इथेच, सरळ. भिंतीपासून त्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत."

"पट्टा दिसतोय तुम्हाला?"

"तो दिसतोय. तू मात्र अर्धाच दिसतोयस."

रूडीने एकदा मोकळ्या झालेल्या वाटेकडे पाहिलं, मग मागचं दार उघडून आत बसला आणि सीटबेल्ट लावला. "चला. माझं काही झालं तर बायकोला सांगा, मी ड्युटीवर होतो."

व्हर्ना शेजारी बसली. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली. "थोडं डावीकडे," ती म्हणत होती, "आता सरळ, सरळच." हॉलिसचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही, कारण त्यासाठी हात सोडावा लागला असता. पांढरा पट्टा चाकाखाली आला आणि त्याने हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला. लेमार आणि बाकीचे पाने घेऊन लोखंडी कठड्यावर तुटून पडले. गॅलरीवरची कबुतरं उडाली.

मग मागची सीट उचलली. सह्यांच्या मधोमध जागा मोकळीच होती. व्हर्नाने मार्कर उघडून त्याच्या हातात दिला आणि बोट नेमक्या जागी टेकवलं. हॉलिसने सावकाश नाव लिहिलं. अक्षरं वर चढत गेली.

"कुणाच्या नावावर गेलं का गं?"

"माझ्या."

"मग चालेल," तो म्हणाला.

त्याने चाचपून सीट खाली केली, खटका बसेपर्यंत दाबली, आणि बसला की नाही ते पाहायला जन्मभराच्या सवयीने पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग किल्ली रूडीच्या हातात दिली.