शंभरावा दिवस

"बंद कर! अबे बंद कर मशीन!" नत्थुजी ओरडला, पण तोवर मशीनवरच्या बंडूचा हात कोपरापर्यंत जिनिंगच्या रोलरमध्ये गेला होता. पांढराशुभ्र कापूस लालभडक झाला. नत्थुजीनं धावत जाऊन खटका पाडला, पान्यानं रोलर सैल केले आणि हात बाहेर ओढला. हात कसला, चिंधड्याच त्या!

आणि अशा वेळी या माणसाची नजर कुठं गेली असेल? भिंतीवरच्या फळ्याकडे. 'अपघाताविना दिवस : ८८'. लाज वाटावी अशी गोष्ट, पण गेली खरी.

बावीस वर्षं तो अकोटच्या या कारखान्यात फिटर होता आणि बावीस वर्षं सगळ्यांचा 'ए नत्थ्या' होता. मग अमरावतीहून गौरांगसाहेब मॅनेजर म्हणून आले. त्यांनी पगार एका रुपयानंही वाढवला नाही. पण 'नत्थुजी' म्हणून हाक मारली, नाव छापलेलं पिवळं हेल्मेट दिलं आणि फळ्यावरचा आकडा रोज बदलायचा मान दिला. शंभर दिवस झाले की सगळ्यांसमोर सत्कार! दर्यापूरच्या एका जिनिंगवाल्यानं जास्त पगार देऊ केला, तर यानं त्याला उडवून लावलं. बायको मनकर्णानं कपाळाला हात लावला. "एका टोपीपायी नाही म्हनलं? काय मानूस हाय बाप्पा!"

त्या दिवशी अकोल्याला नेताना नत्थुजी जीपमध्ये बंडूच्या हातावर फडकं आवळत होता. "बंडू, डाक्टरले सांगजो, वावरात थ्रेशरमध्ये हात गेला म्हून. बाराच दिवस राह्यले, बाबू."

"तुमी म्हनता तसं, नत्थुजी," बंडू अर्धवट शुद्धीत पुटपुटला.

दवाखान्यात त्याचा हात कोपरापासून काढला. इकडे फरशी धुतली गेली आणि दुसऱ्या दिवशी नत्थुजीनं फळ्यावर ८९ लावले. साहेबांनी काही विचारलं नाही. बंडूचा बाप मात्र भरपाई मागायला कारखान्यात आला, तर त्याला ऑफिसातून उत्तर मिळालं, "वावरातल्या अपघाताशी आमचा काय संबंध?" नत्थुजीनं ते ऐकलं आणि मान खाली घालून तो नटबोल्ट आवळत राहिला.

शंभराव्या दिवशी मांडव सजला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, माइकवरून त्याचं नाव घुमलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! तेवढ्यात बंडू गर्दी फोडत पुढं आला.

"माहा हात कुठी हाय, नत्थुजी?"

त्यानं डाव्या हातानं शाल धरली आणि नत्थुजीच्या तोंडावर डोकं हाणलं. नत्थुजीचा ओठ फाटला. चौकीदार कुलदीप धावत आला, त्यानं बंडूच्या पाठीत काठी घातली. दुसरी काठी नेमकी पट्टी बांधलेल्या थोट्या हातावर बसली. बंडू गुरासारखा हंबरला, पट्टी रक्तानं भिजली.

नत्थुजीचं डोकं फिरलं. हातातला नारळ त्यानं सगळा जोर लावून कुलदीपच्या खांद्यावर मारला. काठी सुटली, कुलदीप खाली कोसळला.

"नत्थुजी! वेड लागलं का तुम्हाला?" गौरांगसाहेब किंचाळले.

"लागलं होतं साहेब, आता उतरलं. याचा हात आपल्याच मशीनीत गेला. वावराचं खोटं मीच बोलाले लावलं. लिवून घ्या."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या."

दोघातिघांनी त्याला धरलं, पाठीत गुद्दे घातले. त्यांना झटकून तो स्टुलावर चढला. फळ्यावरचा एकाचा आकडा उपटून फेकला, एक शून्य उपटून फेकलं. उरलेलं शून्य तसंच राहू दिलं.

खाली उतरून त्यानं आपली शाल बंडूच्या रक्ताळलेल्या पट्टीवर गुंडाळली. "चाल, पह्यले दवाखान्यात, मंग ठान्यात. माहा गुन्हा मीच सांगतो."

बंडूनं त्याचा हात झिडकारला नाही.

फाटकापाशी नत्थुजीला डोक्यावरच्या हेल्मेटची आठवण झाली. त्यानं ते काढलं, बाहीनं त्यावरचं रक्त पुसलं आणि चौकीदाराच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. नाव भिंतीकडे करून.