भगवंताच्या नावावरच्या रात्री

भगवंत देउळकर आणि वाहेद शेख यांची शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जमीन भगवंताची, हात वाहेदचा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधावा तर वाहेदनं, असं वरूड तालुक्यात मानतात. दोघंही साठीला आलेले. कलमं विकली की त्यांचं काम संपत नाही. अमरावती-अकोल्याकडचे शेतकरी फोन करतात, झाड पिवळं पडलं, खोडातून डिंक येऊन राहिला. मग दोघं भगवंताच्या जीपमध्ये बसतात आणि तीन-चार दिवस बगिचे पाहत फिरतात.

पूर्वी ते अमरावतीला बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरत. चार वर्षांपूर्वी त्या लॉजचं मंगल कार्यालय झालं. त्याच सुमारास ‘सोनपर्णी’ नावाच्या कंपनीची हॉटेलं अमरावती आणि अकोल्यात निघाली. अमरावतीच्या हॉटेलात पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “मेंबर करून घेऊ का? मोबाइल नंबर सांगा.” वाहेदचा फोन जीपमध्ये चार्जिंगला लावलेला होता. भगवंतानं आपला नंबर सांगितला.

एवढंच झालं. त्यात कोणाचा काही डाव नव्हता.

पुढे दर वेळी खोली भगवंताच्या नावानं मिळत गेली. आधार कार्डं दोघांची घेत, सही दोघांची घेत, पण रात्री मोजल्या जात भगवंताच्या नंबरावर. पन्नास रात्री झाल्या आणि भगवंताच्या फोनवर निरोप आला की तो आता गोल्ड सदस्य आहे. सोबत मराठीत अभिनंदन होतं. ते कोणीतरी मशीनकडून करून घेतलं असावं, कारण त्यात भगवंताला ‘प्रिय सोने’ म्हटलं होतं.

त्यानंतर ते अमरावतीला गेले तेव्हा मॅनेजर स्वतः काउंटरबाहेर आला. त्यानं भगवंताच्या हातात फळांची टोपली दिली. दोन सफरचंदं, एक केळं आणि संत्र्यासारखा दिसणारा एक किन्नू. भगवंतानं किन्नू उलटासुलटा करून पाहिला.

“हे पंजाबचं आहे,” तो म्हणाला.

“सर, कॉम्प्लिमेंटरी आहे,” मॅनेजर म्हणाला.

सकाळी दोघांना फुकट नाश्ता मिळाला. खोली दुपारी दोनपर्यंत ठेवायची परवानगी मिळाली. वाहेद आंघोळ करून निवांत झोपला. जीपमध्ये बसताना तो म्हणाला, “भगवंता, चांगलं आहे हे गोल्ड.”

आठवड्यानं ते अकोल्याला गेले. अकोल्याच्या सोनपर्णीत काउंटरवर वर्षाली नावाची मुलगी असते. तिनं भगवंताचं आधार कार्ड पाहिलं, संगणकात काहीतरी दाबलं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीची चावी दिली. दोघं वर गेले. खोली मोठी होती. तिच्यात एकच पलंग होता. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस केलेले होते, त्यांच्या चोची एकमेकांना टेकलेल्या होत्या आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या होत्या.

दोघं दारातच उभे राहिले. मग भगवंत खाली गेला.

“पोरी, आमाले दोन खाटा पाहिजे.”

“काका, तुम्ही गोल्ड आहात. गोल्डला अपग्रेड मिळतं.”

“अपग्रेड नको मले. खाट पाहिजे.”

“दोन बेडची खोली साध्या मेंबरला असते. तुम्हाला ती देताच येत नाही. सिस्टिमच घेत नाही.”

भगवंत परत वर आला. वाहेदनं तोवर दोन्ही हंस न मोडता टेबलावर ठेवले होते आणि पाकळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या होत्या. त्यांनी मध्ये उशी ठेवली आणि दोन कडांना दोघं झोपले.

सकाळी नाश्त्याच्या हॉलच्या दारावरच्या माणसानं यादी पाहिली आणि सांगितलं, “देउळकर सर, या. तुमच्यासोबतच्यांचा नाश्ता यात नाही.”

“अमरावतीले दोघायचा होता,” भगवंत म्हणाला.

“ती अमरावती आहे, सर.”

वाहेद म्हणाला, “तू खाऊन घे. मी बाहेर जातो.” भगवंत म्हणाला, “एकटा कायले खाऊ?” आणि दोघांनी रस्त्यापलीकडच्या गाडीवर आलूबोंडा खाल्ला. असं तीन-चार मुक्काम चाललं. पाचव्या वेळी भगवंत म्हणाला, “मी फक्त चहा पिऊन येतो.” त्याला यायला अर्धा तास लागला आणि मिशीला डोशाची चटणी लागलेली होती. येताना त्यानं कागदी रुमालात दोन उकडलेली अंडी आणली होती. वाहेदनं अंड्यांकडे पाहिलं.

“चोरून आनले?”

“चोरून कायले? माह्या वाट्याचे आहेत.”

“मंग तूच खाय.”

अंडी दिवसभर जीपच्या पुढच्या काचेपाशी राहिली. संध्याकाळी बाळापूरजवळ भगवंतानं ती एका कुत्र्याला दिली.

इथवर सगळं निभण्यासारखं होतं. मग दिवाळीनंतर भगवंताला कंपनीकडून एक रात्र मोफत मिळाली. दोघांसाठी, कुठल्याही शाखेत. भगवंताची सून हर्षा म्हणाली, “बाबा, आईले घेऊन जा. त्या कधी हॉटेलात राहिल्या नाहीत.” भगवंताला ते पटलं. तो बायकोला, बेबीताईंना, अमरावतीला घेऊन गेला. अंबादेवीचं दर्शन घेतलं, हॉटेलात राहिले, दुसऱ्या दिवशी घरी आले. वाहेदला सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. लपवायचंही आलं नाही.

सांगितलं ते बेबीताईंनीच. त्या दुसऱ्या दिवशी वाहेदच्या घरी गेल्या आणि वाहेदच्या बायकोला, नसीमबानोला, सगळं वर्णन करून सांगितलं. लिफ्ट कशी आहे, गरम पाणी किती जोरात येतं, नळ कुठल्या बाजूनं फिरवायचा. जाताना हॉटेलातला एक छोटा साबण त्यांनी प्रेमानं नसीमबानोच्या हातावर ठेवला. “वास पाय भाबी, किती गोड आहे.”

वाहेद ओट्यावर बसून चाकूला धार लावत होता. बेबीताई गेल्यावर नसीमबानो बाहेर आली. तिनं साबण त्याच्यापुढे ठेवला.

“साठ-साठ रातां सोये तुम,” ती म्हणाली, “और साबुन उनके घर?”

चाकूला धार आधीच आलेली होती, तरी वाहेद लावत राहिला.

पुढच्या खेपेला अकोल्याला पोचल्यावर वाहेद काउंटरवर भगवंताच्या आधी गेला. “मले वेगळी खोली द्या,” तो वर्षालीला म्हणाला. “माह्या नावानं. अन् मेंबर करा.”

भगवंत मागे बॅग धरून उभा होता. “काहून बाप्पा? काय झालं?”

“काई नाई झालं. तू गोल्ड आहे. मी आपला साधा.”

वर्षालीनं वाहेदचा नंबर टाकला. नव्या सदस्यांसाठी त्या महिन्यात स्वागताची योजना होती. वाहेदला दोन खाटांची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली मिळाली, छोटा केक मिळाला आणि दोघांचा नाश्ता मिळाला. भगवंताला त्या दिवशी वरच्या मजल्यावर जागा नव्हती म्हणून मागची खोली मिळाली. तिला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती.

“अपग्रेड?” भगवंतानं विचारलं.

“उपलब्धतेनुसार असतं, काका,” वर्षाली म्हणाली.

सकाळी वाहेद दोघांच्या नाश्त्याला एकटा बसला. भगवंत एकाच्या नाश्त्याला एकटा बसला. मध्ये तीन टेबलं होती.

त्या दिवशी पातूरकडे गोपाल ताथोड नावाच्या शेतकऱ्याचा बगिचा पाहायचा होता. झाडं डिंक्यानं खराब होत होती. भगवंत एका झाडापाशी गोपालला म्हणाला, “खोडाले पाणी लागून राहिलं. आळं दूर घे, डिंक खरडून बोर्डो पेस्ट लाव.” गोपाल पुढच्या झाडापाशी गेला. तिथं वाहेद उभा होता. तो म्हणाला, “खोडाले पाणी लागून राहिलं. आळं दूर घे, डिंक खरडून बोर्डो पेस्ट लाव.” गोपालनं दोघांकडे पाहिलं.

“तुमी भांडले का?” त्यानं विचारलं.

“नाई,” दोघं म्हणाले.

जीपमध्ये वाहेद मागच्या सीटवर बसला होता, जिथं एरवी कलमांच्या पिशव्या असतात. वीस वर्षांत तो मागे कधी बसला नव्हता. भगवंताला आरशात त्याचं अर्धं तोंड दिसत होतं. शहर जवळ आल्यावर भगवंतानं विचारलं, “बेबीले घेऊन गेलो म्हणून?” वाहेद खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “वहिनीले नेलं ते चांगलंच केलं.” थोड्या वेळानं म्हणाला, “विचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, घेऊन जाय.”

हॉटेलात आल्यावर वाहेद खोलीत गेला. भगवंत काउंटरपाशी थांबला.

“पोरी, माह्या नावावर जेवढ्या रात्री आहेत, त्याच्या अर्ध्या शेखसाहेबांच्या नावावर कर.”

“तसं होत नाही, काका.”

“काहून होत नाही? थो झोपला नं इथं. मी पाहिलं आहे.”

“झोपले असतील. पण रात्र एकाच नंबरावर पडते. ट्रान्सफर नाही.”

“सात-बारावर दोन नावं चढतात. रात्रीवर नाही चढत?”

वर्षालीनं मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथून सांगितलं की रात्रींचं हस्तांतर फक्त सदस्याच्या मृत्यूनंतर, वारसाला होतं. तिनं ते तसंच भगवंताला सांगितलं.

भगवंतानं विचार केला. “ते लांबतं मंग,” तो म्हणाला.

वर्षाली हसली नाही. दिवसभर ती लोकांना हेच सांगत असे की त्यांना जे मिळेल असं वाटलं होतं ते मिळणार नाही, आणि बहुतेक लोक तिच्यावर ओरडत. हा माणूस ओरडत नव्हता, जातही नव्हता. तो सोफ्यावर बसून राहिला. अर्ध्या तासानं पुन्हा उठून आला.

“तुमच्याकडं दोघायच्या सह्या आहेत नं? मंग तसं लिहून दे. कागदावर. शिक्का मारून.”

“त्याचा काही उपयोग नाही, काका. त्यावर काही मिळणार नाही.”

“मले काई पाहिजेच नाई त्याच्यावर.”

वर्षालीनं चार वर्षांची नोंद काढली. हॉटेलच्या छापील कागदावर तिनं टाइप केलं: ‘दाखला देण्यात येतो की श्री. वाहेद शेख, रा. शेंदूरजनाघाट, हे आमच्या अकोला शाखेत आजवर एकूण त्रेचाळीस रात्री श्री. भगवंत देउळकर यांच्या खोलीत मुक्कामास होते व झोपले. त्यांची वर्तणूक चांगली होती.’ वर्तणुकीचं वाक्य तिनं आपल्या मनानं घातलं. तिच्या कॉलेजच्या दाखल्यावर तसं होतं. खाली सही केली, गोल शिक्का मारला.

भगवंत कागद घेऊन वाहेदच्या खोलीत गेला. वाहेद खिडकीपाशी बसून केक खात होता. भगवंतानं कागद त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या खाटेवर बसला.

वाहेदनं चष्मा लावला. कागद सावकाश, बोट फिरवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“चूक आहे,” तो म्हणाला.

“काय चूक आहे?”

“त्रेचाळीस नाई. बेचाळीस. परच्या साली पोळ्याच्या वक्ताले तुले ताप होता, एकशे तीन. त्या रात्री मी झोपलो नव्हतो. कपाळावर पट्ट्या ठेवून राहिलो होतो.”

भगवंताला त्या तापातलं काही आठवत नव्हतं. सकाळी उठलो तर बरं वाटत होतं, एवढंच आठवत होतं. वाहेदनंही तेव्हा काही सांगितलं नव्हतं.

“दुरुस्त करून आणू का?” शेवटी त्यानं विचारलं.

“राहू दे,” वाहेद म्हणाला. “शिक्का आहे त्याच्यावर.” त्यानं उरलेला केक भगवंतापुढे सरकवला. “खाय. लय गोड आहे, मले होत नाही.”

भगवंत त्या संध्याकाळी बॅग घेऊन वाहेदच्या खोलीत राहायला आला. मागच्या खोलीचं भाडं परत मिळालं नाही.

नंतर खोली वाहेदच्या नंबरावर घ्यायची असं ठरलं. पुढच्या वर्षी भगवंताचं गोल्ड गेलं. वाहेदचं अजून काही झालं नव्हतं, तोवर कंपनीनं योजनाच बदलली आणि सदस्यांचे प्रकार पाचाचे तीन केले. नवीन नियम वाहेदनं वाचले नाहीत. दाखला त्यानं घडी करून आधार कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला.

जानेवारीत, संत्र्याच्या आंबिया बहारासाठी बगिच्यांना पाणी सोडायच्या आधी, ते दोघं बायकांना घेऊन अमरावतीला गेले. पूर्ण भाडं देऊन दोन खोल्या घेतल्या. एकीत बेबीताई आणि नसीमबानो, दुसरीत हे दोघं. बायकांच्या खोलीतून बराच वेळ बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता, म्हणून वाहेदनं भिंतीवर दोनदा थाप मारली. पलीकडून तीनदा थाप आली.

सकाळी वाहेदनं नसीमबानोला विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, गादी इतकी मऊ आहे की कूस बदलायलाही जोर लावावा लागतो, आणि चहा तर नुसतं गरम पाणी. मग तिनं बेबीताईंना विचारलं की पुढच्या महिन्यात अकोल्याला जायचं का.