संपदाचं वाण

शोभनाकडे कोणीही चहाला गेलं, की आधी समुद्री घोड्यांचं कीर्तन आणि मग चहा. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना पाठ होतं. मुंबईत बाई कॉलेजात झूऑलॉजी शिकवायच्या. नवऱ्याच्या व्हिसावर दुबईत आल्यावर शिकवायला उरलं कोण? पाहुणे! मग तेच सापडायचे तावडीत. हॉलच्या मधोमध टँक, टँकमध्ये घोड्यांची नर-मादी जोडी, आणि शेजारी खुर्ची टाकून शोभना.

"यांना जठरच नसतं हो," ती सुरू व्हायची. "खाल्लं की गेलं. म्हणून दिवसातून तीन वेळा भरवायचं. आणि स्वभावाने इतके संथ, की घास नाकासमोर आला तरी आधी न्याहाळणार, मान वाकडी करणार, मग खाणार. यांच्याबरोबर चपळ मासा सोडला की खलास. तो सगळं फस्त करतो आणि हे बिचारे उपाशी बघत बसतात." म्हणून सोबतीला तिने काय ठेवलं होतं, तर गोगलगायी आणि दिवसभर वाळूत तोंड खुपसून बसणारा एक आळशी छोटा मासा.

यातला शब्द न् शब्द संपदाला येत होता. संपदा खालच्या मजल्यावरची. तिचा नवरा सुदेश आणि शोभनाचा दत्तप्रसाद एकाच कंपनीत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. दत्तप्रसाद साहेब, सुदेश त्याच्या टीममधला. दुपारी नवरे ऑफिसात आणि पोरं शाळेत असली, की संपदा वर यायची, ड्रॉपर घ्यायची आणि बर्फातली बारीक कोळंबी वितळवून टँकमधल्या शिंपल्यात सोडायची. फांदीला गुंडाळलेली शेपटी सोडून घोडे हळूहळू शिंपल्यापाशी यायचे. "आले गं, जेवायला आले!" संपदा रोज नव्याने ओरडायची, आणि शोभना रोज नव्याने हसायची. परक्या मुलखात असं माणूस मिळणं म्हणजे नशीबच की!

मग ते मेलं मंदीचं दोन हजार आठ साल आलं. समोरच्या साइटवरच्या क्रेन थांबल्या. दत्तप्रसादला वरून निरोप आला, टीममधला एक माणूस कमी कर, नाव तूच सुचव. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्याने सुदेशचं नाव दिलं आणि सुदेशला सांगितलं, की हेड ऑफिसनेच ठरवलं रे, माझ्या हातात काही नव्हतं. शोभनाला खरं काय ते त्याने किचनमध्ये सांगितलं, नळ सोडून, जसं काही भिंतींना कान होते. "तू तोंड उघडू नकोस," म्हणाला. तिनेही नाही उघडलं. संपदा वर येऊन रडायची, आणि शोभना तिच्या पाठीवरून हात फिरवायची.

जानेवारीत संक्रांत आली. कायमचं पुण्याला निघण्याआधी संपदाने हळदीकुंकू ठेवलं. घर अर्धं खोक्यांत गेलेलं, भिंतीवरचे खिळे उघडे. आणि वाण म्हणून बाईने संसारच लुटला! कोणाला मिक्सर, कोणाला इस्त्री, कोणाला पोळपाट-लाटणं. ती हसत देत होती, बायका डोळे पुसत घेत होत्या. शोभनाची पाळी आली तेव्हा तिच्या ओंजळीत पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी आली. आत संपदाच्या छोट्या टँकमधले निळे डॅमसेल मासे, क्षणभर एका जागी न ठरणारे.

"अगं, पण हे माझ्याकडे..."

"वाण आहे, शोभना. वाणाला नाही म्हणतात का?" असं म्हणून संपदाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? एरवी शोभनाने फाडकन सांगितलं असतं. घोड्यांच्या बाबतीत ती कोणाची भीड ठेवत नसे. पण आपल्या नवऱ्याच्या एका शब्दाने जिचा संसार खोक्यांत गेला, तिचं वाण तिच्याच दारात परत करायचं? जीभ रेटेना. तिने पिशवी पदराखाली धरून वर आणली आणि टँकमध्ये सोडली. झूऑलॉजीची बाई!

पुढे व्हायचं तेच झालं. ड्रॉपर पाण्यात शिरायचा अवकाश, डॅमसेल शिंपल्यावर तुटून पडायचे. शोभना घास थेट घोड्याच्या नाकाशी नेऊन धरायची. घोडा मान वाकडी करून बघायचा, आणि तेवढ्यात मधूनच निळा पठ्ठ्या घास घेऊन पसार. तिने डॅमसेलना आधी पोटभर खायला घालून पाहिलं. ते तेही खायचे आणि हेही. दुसरा टँक करायचा तर खारं पाणी तयार व्हायलाच महिना जातो, आणि त्या दिवसांत अख्ख्या मनखूलमध्ये कोणी घरात नवीन सुईसुद्धा आणत नव्हतं.

मादीच्या अंगावरच्या कडा दिसू लागल्या. "आई, शी इज नॉट ईटिंग," शाळेतून आलेली अवनी काचेला नाक लावून म्हणायची. "खाईल गं, इन्शाल्ला," शोभना म्हणायची आणि तिथून उठून जायची.

दत्तप्रसाद एकदा बूट घालता घालता म्हणाला, "एवढं काय त्यात? फिश शॉपमध्ये देऊन टाक. संपदा पुण्यात बसलीये, तिला कोण सांगणार आहे?"

शोभनाच्या डोक्यात तिडीक गेली. "हेच! हेच केलंस तू सुदेशचं! त्याला कोण सांगणार आहे!"

दत्तप्रसादचा चेहरा पडला. एका बुटाची लेस तशीच सुटी ठेवून तो निघून गेला. आणि एवढं बोलूनही मासे टँकमध्येच राहिले.

मादी गेली. शोभना सकाळचं खाणं घालायला गेली, तर ती शिंपल्यामागे आडवी पडलेली. नर तिच्यावरच्या फांदीला शेपटी गुंडाळून बसला होता. शोभनाने मादीला गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरलं, माती लागल्या हातानेच पदर तोंडाशी धरला आणि ओक्साबोक्शी रडली. मग हात धुऊन तिने पुण्याला फोन लावला.

"संपदा, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. सुदेशचं नाव हेड ऑफिसने नाही काढलं. दत्ताने दिलं. आणि मला ते माहीत होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मलाही," संपदा म्हणाली. "एचआरमधली अपर्णा बोलून गेली होती, हळदीकुंकवाच्या आधी."

"आधी?"

"तेव्हा वाटलं, वर येऊन दत्ताभावोजींना फाडून खावं. पण तुझं काय, ते कळेना. तुला माहीत असेल का? माहीत असून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस का? म्हणून मासे दिले."

शोभनाला आधी अर्थच लागेना.

"अगं, घोड्यांसाठी तू देवाशीसुद्धा भांडशील! म्हटलं, हिच्या मनात काही नसेल तर ही पिशवी माझ्या अंगावर फेकेल. म्हणेल, संपदे, वेड लागलंय का तुला? मी वाट बघत होते गं तू भांडायची. तू मान खाली घातलीस आणि निमूट घेतलंस. तिथेच कळलं मला."

शोभना फोन घेऊन टँकशेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"घोडे बरे आहेत ना?" संपदाने विचारलं.

"नर आहे."

"म्हणजे? मादी..." संपदाचा आवाज चिरकला. "अगं बाई! तू ठेवलेस ते मासे? मला वाटलं, दुसऱ्या दिवशी देऊन टाकशील कुठेतरी. मी रागात दिलं, पण तुला अक्कल नको? काढ ते मेले बाहेर. आत्ता काढ. वाण नाही नि बिण नाही!"

शोभनाने फोन स्पीकरवर टाकला. पाण्याची बाटली कापली, तिचं तोंड उलटं आत बसवलं, आत कोळंबी घातली आणि टँकमध्ये सोडली. हावरे डॅमसेल एकेक करून आत शिरले. तिने बाटली बादलीत रिकामी केली. मग ड्रॉपर भरून शिंपल्यात घास सोडला. टँकमध्ये आता कोणाचीच घाई नव्हती.

"आला का गं?" फोनमधून संपदा.

नर फांदीवरच होता. घास शिंपल्यात पडलेला त्याला दिसत होता, पण शेपटी सुटत नव्हती. या टँकमध्ये शिंपल्यापाशी गेलं की काय होतं, ते तो एव्हाना शिकला होता.

"नाही अजून," शोभना म्हणाली.

पलीकडचा कुकर कधीचा थंड झाला असेल. शोभनाने ड्रॉपर पुन्हा भरला.

"आता?"

"नाही गं."