फोटो उतरवा

"मावशी, जरा बाजूला व्हा ना. फोटो दिसत नाहीये."

सुगंधा हलली नाही. बोलणारी मुलगी कॉलेजातली असावी. तिने मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला आणि कंटाळून पुढच्या फोटोकडे गेली. सुगंधाच्या पाठीला काच लागत होती, आणि त्या काचेमागे सुगंधाच होती. पदर खांद्यावरून ढळलेला, केस चिखलाने माखलेले, दोन्ही हात वर, तोंड उघडं. खाली छापलं होतं, 'आक्रोश, मुंबई'.

प्रदर्शन गावोगाव फिरत होतं. नाशिक, कोल्हापूर करून ते मुलुंडच्या या हॉलमध्ये आलं होतं, आता पुढे इंदूरला जायचं होतं. सुगंधाला ते कळलं वसुधाताईंकडे पोळ्या करताना. "सुगंधा, ही तूच ना गं? किती जिवंत फोटो आलाय!" म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला होता. तव्यावरची पोळी करपली तरी सुगंधाला भान नव्हतं.

तीन पावसाळ्यांपूर्वी भांडुपच्या टेकडीवरची भिंत त्यांच्या चाळीवर कोसळली, त्या सकाळचा तो फोटो. सुशांत आत झोपला होता. एकुलता एक. नुकताच एसी दुरुस्तीच्या कामाला लागला होता. सुगंधा पाणी भरायला बाहेर आली म्हणून वाचली. चंद्रप्रकाश, तिचा नवरा, सांताक्रूझला वॉचमनच्या ड्युटीवर होता. तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा मुलाला पांढऱ्या कापडात गुंडाळून बांधलं होतं. उघडून बघू नका, तिथले लोक म्हणाले. त्याने बघितलं नाही.

आताही तो हॉलच्या दाराशी खाली मान घालून उभा होता. मग हळूच जवळ आला.

"चल गो घराक. लोका बघतत."

"बघूंदेत. तीन वर्सां बघतच हत."

समोर एका माणसाने मोबाइल उचलला. फोटोतली बाई आणि फोटोपुढची बाई, दोघी एकदम मिळाल्या होत्या त्याला. सुगंधाने तोंड फिरवलं नाही.

प्रदर्शनाचं काम बघणारी रेवती धावत आली, तिच्यामागे फोटो काढणारा श्रेयस. तिशीतला, दाढी वाढवलेला, चेहऱ्याने भला. तो सुगंधाकडे बघत राहिला. त्याने तिला ओळखलं.

"मावशी, बसा ना आधी. पाणी आणू?"

"पाणी नको. हा उतरवा."

"असं एकदम कसं उतरवणार?" रेवती म्हणाली. "पाहिजे तर चेहरा ब्लर करू."

"चेहरा ब्लर केला तर काय उरतं त्यात?" श्रेयस तिला म्हणाला. मग सुगंधाकडे वळला. "मावशी, राग मानू नका. हा फोटो सगळीकडे छापून आला, म्हणून ती भिंत पुन्हा बांधली. तोवर कुणी फिरकलं होतं का तिकडे?"

ते खोटं नव्हतं. नवीन भिंत जाड होती, तिला पाणी जायला पाइप होते. तिच्याखाली अजून माणसं राहत होती, आणि या पावसातही वाचली होती.

"ता खरा हा," चंद्रप्रकाश पुटपुटला.

"मग झालं ना त्याचं काम?" सुगंधा म्हणाली. "भिंत झाली. आता मला कशाला गावोगाव रडवत फिरवता? तेव्हा मी काही सांगायच्या शुद्धीत नव्हते, तुम्हीपण विचारलं नाही. आज शुद्धीत आहे. आज सांगते."

आजूबाजूची माणसं थांबली होती. हॉलचा वॉचमन दारातून आत आला. रेवतीने त्याला हातानेच थांबवलं.

श्रेयसने कपाळ चोळलं. "फ्रेम बदलतो. चेहऱ्याच्या वरून कापतो, खालचं सगळं जाईल. नुसते वर गेलेले हात राहतील. तुम्ही ओळखू येणार नाही. खालचा तो कोपरा तसाही कामाचा नाही."

"कापायचं नाही!"

एवढा मोठा आवाज सुगंधाने त्या सकाळनंतर काढला नव्हता. ती बाजूला झाली. भिंतीवरचा फोटो सगळ्यांना पहिल्यांदा पुरता दिसला. तिने डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, काचेवर बोट ठेवलं. स्ट्रेचरवरच्या चादरीतून एक पाऊल बाहेर आलं होतं. घोट्याला काळा दोरा होता.

"हा माझा सुशांत आहे."

श्रेयस वाकला. बराच वेळ वाकून राहिला. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. "मला ती स्ट्रेचरची दांडी वाटत होती," तो म्हणाला. "एवढ्या वेळा प्रिंट काढले..."

श्रेयसने स्टूल ओढलं, स्वतः वर चढला आणि फ्रेम खाली घेतली.

"घेऊन जा मावशी. मूळ फाइल माझ्याकडे राहील, पण तुम्हाला विचारल्याशिवाय कुठे लावणार नाही."

"ते तुमचं तुमच्यापाशी," सुगंधा म्हणाली. तिचा विश्वास बसला होता की नाही, तिलाच सांगता आलं नसतं.

रिक्षात फ्रेम उभी मावेना. तिरकी करून, काच आपल्या बाजूला घेऊन, दोघांनी ती मांडीवर धरली. नाहूरपर्यंत चंद्रप्रकाश बाहेरच बघत होता.

भाड्याच्या खोलीत तेवढी मोकळी भिंत नव्हती. सुगंधाने फ्रेम कपाटाशेजारी टेकवली, फोटो भिंतीकडे करून. चहा टाकला. चंद्रप्रकाश खाटेवर बसला, उठला, परत बसला. त्याचा चहा गार झाला.

"मी आलंय तेवा त्येका बांधलेलो," तो एकदम म्हणाला. "माका कायच दिसूक नाय त्येचा."

सुगंधाने कप खाली ठेवला. हे तो पहिल्यांदा बोलत होता.

तो फ्रेमपाशी जाऊन उकिडवा बसला. दोन्ही हातांनी त्याने ती भिंतीपासून थोडीशी, खालच्या बाजूने, अलगद पुढे घेतली आणि त्या फटीत मान घातली.

सुगंधा वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं.