गोड्या विहिरीचं पाणी

प्रयोगशाळेत माधवीने बशीतले पांढरे मणी चिमट्याने उचलून बाटलीत टाकले आणि मागे न पाहताच म्हणाली,

"बाबा, बसा न. उभे काहून?"

पंजाबराव स्टुलावर टेकले. मूर्तिजापूरकडच्या गावाहून ते लेकीसाठी नेहमीसारखा घरच्या पाण्याचा कॅन घेऊन आले होते. अमरावतीच्या नळाच्या पाण्याला त्यांच्या मते ढोरंसुद्धा तोंड लावणार नाहीत.

गाव खारपाणपट्ट्यातलं. एकेक विहीर खारावत गेली, गोडी राहिली ती एकच, बौद्धपुऱ्यात पंजाबरावांच्या वडिलांनी खणलेली. ज्यांनी त्या वडिलांना कधी आपल्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, त्यांच्याही घागरी आता इथंच भरत. पंजाबरावांना याचा अभिमान होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही.

"या मन्याइनं समुद्रातलं युरेनियम निंगते म्हने?"

"हो. आतून भोकंच भोकं असते त्याइले. धातू त्यात अडकते."

"मंग तोंड काहून उतरलं तुह्यं?"

समुद्राच्या पाण्याआधी मणी शुद्ध पाण्यात तपासायचे असतात; तिथं काही सापडता कामा नये. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी संपलं, तेव्हा माधवीने बिनदिक्कत घरचा कॅन ओतला. गोडं म्हणजे चोख, हे त्या गावातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मण्यांत युरेनियम निघालं. शुद्ध पाणी आणून पाहिलं तर काही नाही. घरच्या पाण्यात पुन्हा तेच. दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं, तरी तेच. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिने सांगून टाकलं. पंजाबरावांनी कॅन जवळ ओढला.

"पानी गोड हाये पन."

"त्याले चव नसते, बाबा. पन रोज पेलं तं किडन्या खराब करते."

"हे मनी इहिरीत सोडले तं?"

"एवढ्याशानं घागरभर पानीही साफ होनार नाही." मग ती घाईने म्हणाली, "आदी सरकारी तपासनी होऊ द्या. तोवर कोनाले सांगू नका. लोक म्हनतीन, इतके वर्स यायनं आमाले हेच पाजलं."

"तोवर लेकरं काय पेतीन?"

पंजाबरावांनी चष्मा लावला आणि वामनराव देशमुखांना फोन केला. पंजाबरावांच्या वडिलांना जिथं चढू दिलं नव्हतं, ती गावची जुनी मोठी विहीर त्यांच्याच घराण्याची.

"जय भीम, वामनराव. पंजाब बोलून राहिलो." "आजपासून आमच्या इहिरीचं पानी तुमी पेऊ नका."

पलीकडून वामनरावांचा म्हातारा, खाली गेलेला आवाज आला,

"काहून गा, पंजाबराव? आमचं काही चुकलं काय?"