बाहेरची कडी

पालिकेत तिला सगळे गटारबाई म्हणायचे. सांडपाण्याची तपासणी हे तिचं काम, तेव्हा असलं काहीतरी नाव पडणारच. घरी सासूबाईंचासुद्धा दंडक होता, आधी आंघोळ, मग चहा. तिला त्याचं काही वाटायचं नाही. गटाराला निदान वास तरी येतो, कचेरीतल्या घाणीला तोही येत नाही, असं ती म्हणायची आणि साहेबांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची.

एका धुलाईच्या कारखान्यात ती गेली, ती उकळतं पाणी नाल्यात सोडतात म्हणून. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळं तिथे धुवायला यायचं. मालक नुसता गोडबोल्या. हिने कामाच्या बायांना विचारावं आणि उत्तर त्याने द्यावं. नाव काय, तर मालक सांगणार. हात कशाने भाजला, तर तेही मालकच सांगणार, जणू हात त्याचाच भाजला होता. वर पोटमाळ्यावर गाद्या अंथरलेल्या होत्या आणि त्या खोलीच्या दाराला कडी होती बाहेरून. माणसं झोपतात त्या खोलीला बाहेरून कडी कशाला लागते हो? मालक फोन घ्यायला वळला, तेवढ्यात भाजलेल्या हाताची ती बाई हळूच बोलली.

"आमचे कागद त्याने ठेवून घेतलेत. बाहेर सोडत नाही. तुम्ही परत याल?"

"येईन," गटारबाई म्हणाली. म्हणाली आणि अडकली, कारण शब्द दिला की तिला रात्री झोप लागत नसे.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. कामगार खात्याने सांगितलं, राहण्याची जागा आमच्याकडे येत नाही. इमारत खात्याने सांगितलं, माणसं आमच्याकडे येत नाहीत. पोलीस फौजदार म्हणाला, तक्रारदार समोर आणा, लगेच लिहून घेतो. अरे बाबा, तक्रारदार कडीच्या आत आहे, म्हणून तर तुझ्याकडे आले! पण सांगणार कोणाला? पालिकेची माणसांच्या तस्करीविरुद्ध एक समितीही होती. समितीने भित्तिपत्रकं काढली होती, चहाचे कप काढले होते, कपांवर तुटलेल्या बेड्यांचं चित्र होतं. समितीचे अध्यक्ष उपायुक्तसाहेब म्हणाले, विषय गंभीर आहे, बैठकीत घेऊ. बैठक केव्हा, ते काही बोलले नाहीत.

गटारबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या हातात काय होतं? गटार. तर गटार. उकळत्या पाण्यावरून तिने कारखाना सील करायचा आदेश काढून घेतला. टाळं लावण्याआधी जागा रिकामी करावीच लागते. बाया बाहेर आल्या की आपण दारात उभ्या असू आणि त्यांना थेट फौजदारापुढे नेऊ, असा तिचा बेत. सील पथकाच्या प्रमुखाला, म्हणजे टाळेमामांना, तिने चारदा बजावलं की मामा, मला घेतल्याशिवाय जायचं नाही.

आणि मामा तिला न घेताच गेले. का गेले? तर पथकाला गाडी कधी वेळेवर मिळत नाही आणि त्या सकाळी ती रिकामी होती. एवढंच कारण. दुपारी ते हात झटकत आले आणि म्हणाले, झालं बाई तुमचं काम, लाखेचं सीलसुद्धा मारलं.

"पोटमाळा बघितलात?"

"मालकाला विचारलं ना. कुणी नाही म्हणाला."

मालकाला विचारलं! गटारबाईने कपाळावर हात मारून घेतला. भट्ट्या तापलेल्या, वर पत्रा, खाली पालिकेचं टाळं. ती तशीच उपायुक्तांकडे धावली, तर नेमकी त्याच दिवशी समितीची बैठक भरलेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. सील काढायचं तर आधी मालकाचा अर्ज, मग सुनावणी, मग आदेश, असं त्यांनी समजावलं. घाई केली तर कोर्टात आपणच तोंडघशी पडू, असंही म्हणाले. फौजदारही बैठकीला होता, बेड्यांच्या कपातून चहा पीत होता.

ती बाहेर पडली ती थेट टाळेमामांकडे. ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. नोकरी जाईल म्हणाले, पण हातोडा त्यांनीच घेतला. कारखान्याच्या दारावरचं सील मामांनीच फोडलं, टाळंही तोडलं. जिना चढून पोटमाळ्याची कडी मात्र गटारबाईने काढली.

आत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओले पदर तोंडावर घेऊन. कुणी उठेना. भाजलेल्या हाताची बाई तिच्याकडे बघत राहिली.

"सकाळी खाली ठोकाठोक ऐकू आली," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, बाई आल्या. मग आवाज बंद झाला. खालचं टाळं कुणी लावलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आम्ही," गटारबाई म्हणाली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणायचंही तिला सुचलं नाही, तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. बाईने ती आधी बाकीच्यांना दिली, मग स्वतः प्यायली आणि उठली.

पथकाची गाडी सरळ पालिकेच्या दारात थांबली. बैठक अजून चालूच होती, पुढच्या भित्तिपत्रकाचा रंग ठरत होता. गटारबाईने बाया आत नेल्या आणि मोकळ्या खुर्च्यांवर बसवल्या. काहींना खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा टाळेमामांनी शेजारच्या खोलीतून आणल्या. ही कोण मंडळी, असं साहेबांनी विचारलं.

"तुमचा विषय," ती म्हणाली. "आणि फौजदारसाहेब, तुमचे तक्रारदार."

सील फोडल्याबद्दल तुम्हाला खुलासा द्यावा लागेल, असं साहेब म्हणाले. देते की, ती म्हणाली, आधी यांचं ऐका. फौजदाराने कप खाली ठेवला. त्याला कागद शोधावा लागला, पेन मागावं लागलं, पण त्याने लिहायला घेतलं.

भाजलेल्या हाताच्या बाईने तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई रोजच्या सवयीने उठला. एसी चालू होता, गार हवा बाहेर जात होती. तो दार लावायला गेला.

"दार उघडं राहू द्या," बाई म्हणाली.

शिपायाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी टेबलाकडे बघितलं. दार उघडंच राहिलं आणि बाईने पहिल्यांदा आपलं नाव आपल्या तोंडाने सांगितलं.